अभियांत्रिकी माहितीचे मुक्त महाजालीय संदर्भ : विश्वासार्हतेची एक चिकित्सा

सारांश : अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि अध्यापक आज महाजालावरील मोफत संदर्भांचा मोठ्या प्रमाणात वापर करतात. या संदर्भांची पारख लेखक कोण, संकेतस्थळ कोणाचे, माहिती किती ताजी अशा रूढ निकषांवर केली जाते. हे निकष आवश्यक असले तरी अभियांत्रिकी माहितीसाठी ते पुरेसे नाहीत, हे प्रस्तुत लेखात विदर्भातील पिण्याचे पाणी, काँक्रीट व भूकंपविषयक भारतीय मानके आणि मराठीतील कोशवाङ्मय यांच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. अभियांत्रिकीतील आकडा त्याच्या अटींसह मिळाला तरच तो विश्वसनीय ठरतो, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

बीजशब्द : मुक्त संदर्भ, भारतीय मानके, आवृत्ती, फ्लोराइड, मराठी परिभाषा.

प्रस्तावना

नागपूरच्या नंदनवन परिसरात अभियांत्रिकीचे आणि इतर विद्याशाखांचे शिक्षण घेणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने राहतात. त्यांतील अनेक जण विदर्भाच्या ग्रामीण भागातून आलेले असतात. परदेशी संदर्भग्रंथांच्या किमती त्यांच्या आवाक्याबाहेरच्या असतात आणि ग्रंथालयातील मोजक्या प्रती परीक्षेच्या काळात हाती लागत नाहीत. अशा विद्यार्थ्यासाठी महाजालावरील मोफत माहिती ही चैन नसून गरज आहे. म्हणून 'महाजालावरचे काही खरे मानू नका' हा उपदेश त्याच्या उपयोगाचा नाही. तो उपदेश करणारेही स्वतः तो पाळत नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहे.

तथापि, या प्रश्नाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. साहित्याच्या किंवा इतिहासाच्या निबंधातील चुकीचे विधान पुढच्या निबंधात दुरुस्त होऊ शकते. स्लॅबमध्ये ओतलेले काँक्रीट आणि गावाला पाजलेले पाणी अशी दुरुस्ती सहजासहजी स्वीकारत नाहीत. विद्यार्थ्याच्या प्रकल्प अहवालातील आकडा चार-पाच वर्षांनी त्याच्याच हातून प्रत्यक्ष आराखड्यात उतरण्याची शक्यता असते. त्यामुळे मुक्त संदर्भ वापरावेत की नाही, हा प्रश्न आता मागे पडला आहे. ते कोणत्या कामासाठी आणि कोणत्या कसोटीवर वापरावेत, हा खरा प्रश्न असून त्याचीच चर्चा येथे अभिप्रेत आहे.

रूढ निकष आणि त्यांची मर्यादा

महाजालीय माहितीच्या मूल्यमापनाचे निकष ग्रंथालयशास्त्रात बऱ्याच काळापासून शिकविले जातात. लेखकाचा अधिकार, माहितीची अचूकता, वस्तुनिष्ठता, अद्ययावतता आणि व्याप्ती हे त्यांतील प्रमुख होत. हे निकष मुळात ग्रंथांसाठी तयार झाले व पुढे संकेतस्थळांना लावले गेले. त्यांचा रोख 'हे पान विश्वासार्ह आहे काय?' या प्रश्नावर असतो.

याच दिशेने झालेली एक बहुचर्चित तपासणी म्हणजे 'नेचर' या नियतकालिकाने डिसेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध केलेली तुलना होय. विकिपीडिया आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका यांतील विज्ञानविषयक ४२ नोंदी त्या त्या विषयाच्या तज्ज्ञांकडून तपासून घेण्यात आल्या. गंभीर चुका दोन्हींकडे प्रत्येकी ४ निघाल्या. किरकोळ चुका व वगळलेल्या बाबी विकिपीडियात १६२, तर ब्रिटानिकात १२३ आढळल्या. ब्रिटानिकाने २००६ मध्ये या तपासणीच्या पद्धतीवर तीव्र आक्षेप घेतला आणि 'नेचर'ने आपली भूमिका कायम ठेवली. या वादातून मुक्त विश्वकोशाची प्रतिष्ठा वाढली, हे मान्य केले पाहिजे.

परंतु या तपासणीत एक गृहीतक दडलेले आहे. विधान एक तर बरोबर असते किंवा चूक असते, आणि जितक्या चुका कमी तितका संदर्भ चांगला, असे त्यात मानलेले आहे. विज्ञानातील व्याख्या, शोधाचे वर्ष, रेणूची रचना यांना हे गृहीतक लागू पडते. अभियांत्रिकीत आपण ज्यासाठी संदर्भ उघडतो ती गोष्ट बहुधा एखादे मूल्य, एखादी मर्यादा किंवा एखादे प्रमाण असते. असे मूल्य एका ठिकाणी, एका काळी, एका प्रयोजनासाठी बरोबर असते आणि दुसरीकडे धोकादायक ठरते. म्हणजे एकही चूक नसलेले पानसुद्धा वाचकाला चुकीच्या आराखड्याकडे नेऊ शकते. हे केवळ तर्काने नव्हे, तर आपल्या परिसरातील उदाहरणांनी तपासून पाहू.

फ्लोराइडचा आकडा

चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांतील काही गावांत भूजलातील फ्लोराइड हा जुना प्रश्न आहे. अधिक फ्लोराइडयुक्त पाणी दीर्घकाळ पिण्यात आल्यास दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे जायबंदी होतात. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने अशा गावाच्या पाणीपुरवठ्यावर प्रकल्प घेतला आणि पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडची मर्यादा महाजालावर शोधली. त्याला तीन निरनिराळे आकडे मिळतील. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची १९८६ मध्ये ठरलेली बंधनकारक मर्यादा दर लिटरला ४ मिलिग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य १.५ मिलिग्रॅम आहे. भारतीय मानक आय.एस. १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत स्वीकारार्ह मर्यादा १ मिलिग्रॅम असून, पाण्याचा दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तरच १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा दिलेली आहे.

या तिन्ही संस्था अधिकृत आहेत, तिन्ही संकेतस्थळे मोफत आहेत आणि तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. रूढ निकषांवर तिन्ही पाने उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतील. तरीही यांपैकी पहिला आकडा चंद्रपूरच्या आराखड्यात घेणे हा अपराध ठरेल. याचे कारण पानात नाही, मूल्यामागच्या अटीत आहे. फ्लोराइडचा परिणाम पाण्यातील प्रमाणाबरोबरच माणूस दिवसाकाठी किती पाणी पितो यावरही अवलंबून असतो. दर लिटरला १.५ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले २ लिटर पाणी पिणाऱ्याच्या पोटात ३ मिलिग्रॅम जाते. वैशाख-ज्येष्ठात शेतावर राबणारा मजूर ४ लिटर पाणी पीत असेल, तर त्याच पाण्यातून ६ मिलिग्रॅम जाते. राष्ट्रीय मानक ठरविताना स्थानिक हवामान, पाण्याचे सेवन आणि अन्य मार्गांनी होणारे सेवन विचारात घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही सुचविले आहे. हा मजकूर मूळ दस्तऐवजात असतो. त्यावरून तयार झालेल्या तक्त्यांत मात्र तो बहुधा गळतो आणि केवळ आकडा उरतो.

मर्यादा ठरल्यावर फ्लोराइड काढण्याचा प्रश्न येतो. या बाबतीत नागपूरचे योगदान महत्त्वाचे आहे. येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजेच 'नीरी'ने, १९७० च्या दशकात 'नालगोंडा तंत्र' विकसित केले. पाण्यात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर मिसळून, ढवळून, गाळ बसवून आणि गाळून फ्लोराइड कमी करण्याची ही पद्धत आहे. साधी सामग्री व कमी खर्च यांमुळे ती सर्वदूर पोहोचली आणि तिच्याविषयी महाजालावर भरपूर लिहिले गेले. या तंत्रात तुरटीची मात्रा दोन गोष्टींवरून ठरते. त्यांतील पहिली मूळ पाण्यातील फ्लोराइड आणि दुसरी त्या पाण्याची अल्कलिनिटी. म्हणून मात्रेचा तक्ता दुहेरी असतो. जे पान फ्लोराइडच्या प्रमाणावरून एकच मात्रा सांगते, ते तक्त्याचा एक अक्ष पुसून टाकते. त्या पानावर खोटे असे काही लिहिलेले नसते. तथापि त्यावरून तुरटी टाकल्यास एका विहिरीत फ्लोराइड शिल्लक राहील आणि दुसरीत पाणी आम्लधर्मी होऊन अ‍ॅल्युमिनिअमचा अंश वाढेल.

एकक आणि आविष्कार

पाण्याच्याच क्षेत्रातील दुसरे उदाहरण नायट्रेटचे आहे. भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा दर लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, तर अमेरिकी मानकात १० मिलिग्रॅम. वरवर पाहणाऱ्यास भारतीय मानक साडेचारपट सैल वाटेल आणि तसा निष्कर्ष काढणारे लेखनही केले जाते. वस्तुतः भारतीय आकडा संपूर्ण नायट्रेटचा आहे आणि अमेरिकी आकडा त्यातील केवळ नायट्रोजनचा आहे. नायट्रेटचा भार ६२ आणि नायट्रोजनचा १४ असल्याने १० मिलिग्रॅम नायट्रोजन म्हणजे सुमारे ४४ मिलिग्रॅम नायट्रेट होते. दोन्ही मर्यादा जवळजवळ एकच आहेत. येथे एककही सारखेच आहे, फरक आहे तो मूल्य कशाच्या रूपात व्यक्त केले यात. एकक तपासणारा सावध विद्यार्थीही येथे फसू शकतो.

सूत्रांच्या बाबतीतही असेच घडते. उघड्या प्रवाहातील वेगाचे मॅनिंगचे सूत्र सर्वत्र मिळते. मीटर वापरल्यास त्यातील स्थिरांक १ असतो आणि फूट वापरल्यास तो सुमारे १.४९ होतो. अमेरिकी पानावरून उचललेल्या सूत्रात मीटरमधील मापे घातली, तर कालव्याची वहनक्षमता जवळजवळ दीडपट दिसते आणि प्रत्यक्षात नाला अपुरा पडतो.

आवृत्तीचा प्रश्न

अभियांत्रिकीतील मानके काळानुसार बदलतात आणि या बदलांमागे बहुधा अनुभव, अनेकदा दुर्दैवी अनुभव असतो. महाराष्ट्राला हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. भूकंपरोधक रचनेचे भारतीय मानक आय.एस. १८९३ प्रथम १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. द्वीपकल्पाचा बहुतांश भाग तेव्हा जवळजवळ भूकंपमुक्त समजला जात असे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला आणि १९७० च्या सुधारणेत देशाच्या क्षेत्रविभागणीची फेरमांडणी करण्यात आली. पुढे १९८४ च्या आवृत्तीतही लातूर जिल्ह्यातील किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रातच होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेथे झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. २००२ च्या सुधारणेत पहिले क्षेत्र दुसऱ्यात विलीन करण्यात आले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात आला. त्यानंतर २०१६ मध्ये पहिल्या भागाची आणखी एक सुधारित आवृत्ती निघाली.

आता १९८४ च्या आवृत्तीची छायाप्रत महाजालावर एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती पडली तर काय होईल? ती प्रत अस्सल आहे. तिच्यावर भारतीय मानक ब्युरोची मुद्रा आहे, समितीच्या सदस्यांची नावे आहेत. अधिकार, अचूकता, वस्तुनिष्ठता हे सर्व निकष ती पूर्ण करते. फक्त किल्लारीचा धडा तिच्यात नाही.

काँक्रीटच्या संदर्भातही हेच दिसते. आय.एस. ४५६ च्या १९७८ च्या आवृत्तीत प्रबलित काँक्रीटसाठी किमान प्रत एम १५ होती. २००० सालच्या चौथ्या सुधारणेने सौम्य परिस्थितीतही ती एम २० केली आणि दर घनमीटरला किमान ३०० किलो सिमेंट व ०.५५ हे पाणी-सिमेंट गुणोत्तराचे कमाल मूल्य निश्चित केले. तरीही 'स्लॅबसाठी १:२:४' हे एम १५ च्या काळातील प्रमाण घरबांधणीवरील अनेक पानांवर आजही कोणत्याही टिपेशिवाय आढळते. एम २० साठी दिले जाणारे १:१.५:३ हे प्रमाणही मानकात त्या रूपात नाही. मानकातील तक्ता ५० किलो सिमेंटमागे कोरड्या रेती-गिट्टीचे एकत्रित वजन २५० किलो आणि पाणी ३० लिटर असे सांगतो. वजनाचा हिशेब आकारमानात उतरविला की रेतीच्या ओलाव्याचा प्रश्न उपस्थित होतो. कन्हानची ओली रेती घमेल्याने मोजली तर फुगलेल्या आकारमानामुळे प्रत्यक्षात रेती कमी जाते आणि मिश्रणाचे प्रमाण बिघडते. मूळ तक्त्यात 'कोरड्या' हा शब्द याच कारणाने आहे. संक्षेप करणाऱ्या पानांवर नेमका हाच शब्द गाळला जातो.

यावर असा आक्षेप घेता येईल की जुनी आवृत्ती छापील पुस्तकांतही असतेच. हा आक्षेप रास्त आहे. शहरातील जुन्या पुस्तकांच्या दुकानांत कालबाह्य पाठ्यपुस्तके सर्रास विकली जातात. परंतु छापील पुस्तकाच्या शीर्षकपानामागे प्रकाशनाचे वर्ष असते आणि ते पुस्तक एकच असते. महाजालावरील पानास पुष्कळदा तारीख नसते आणि एका पानावरील आकडा दहा पानांवर जसाच्या तसा उतरतो. विद्यार्थी दहा ठिकाणी तोच आकडा पाहून निश्चिंत होतो. वास्तविक ते दहा साक्षीदार नसतात. एकाच साक्षीच्या त्या दहा नकला असतात. अनेक ठिकाणी पडताळून पाहण्याचा जो सल्ला आपण अध्यापक देतो, तो या कारणाने फसवा ठरतो.

२०२२ च्या अखेरीपासून प्रचारात आलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संवादी साधनांनी या प्रश्नात भरच घातली आहे. ही साधने अनेक पानांतील मजकूर एकत्र करून ओघवते उत्तर तयार करतात. अशा उत्तरात दोन आवृत्त्यांतील आकडे एकाच परिच्छेदात शेजारी येऊ शकतात आणि वाचकास त्यांतील जोड दिसत नाही. आवृत्ती व कलमाचा उल्लेख केलेला असला तरी तो मूळ मानकाशी ताडून पाहिल्याखेरीज ग्राह्य धरता येत नाही.

मराठी संदर्भांची स्थिती

२०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी पदवीशिक्षणास अनुमती दिली. त्यामुळे मराठीतील मुक्त संदर्भांची गुणवत्ता हा आता केवळ भाषाप्रेमाचा विषय राहिलेला नाही.

या क्षेत्रात आपली परंपरा क्षीण नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रकाशित झाला. हा विश्वकोश आज महाजालावर मोफत वाचता येतो. त्यातील तांत्रिक नोंदींखाली लेखकाचे नाव असते आणि बहुधा संदर्भग्रंथही दिलेले असतात. उत्तरदायित्वाच्या दृष्टीने अनेक परदेशी मोफत पानांपेक्षा ही शिस्त सरस आहे. संकल्पना समजावून सांगण्याची या नोंदींची हातोटी आजही अनुकरणीय वाटते. मात्र खंड ज्या काळात लिहिला गेला त्या काळातील मानके, यंत्रे व आकडेवारी त्यात आहे. महाजालावर वाचणाऱ्यास खंडाचे प्रकाशनवर्ष सहज लक्षात येत नाही आणि १९७० च्या दशकातील माहिती आजची म्हणून वाचली जाण्याचा संभव राहतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची स्थिती याच्या उलट आहे. तेथे प्रत्येक बदलाची तारीख व इतिहास पाहता येतो, परंतु अभियांत्रिकीच्या अनेक नोंदी त्रोटक आहेत आणि आधार न देता लिहिलेल्या आहेत. एका ठिकाणी नाव आहे पण ताजेपणा नाही, दुसऱ्या ठिकाणी तारीख आहे पण आधार नाही.

याहून सूक्ष्म अडचण परिभाषेची आहे. 'ताण' हा शब्द मराठीत कधी स्ट्रेससाठी, तर कधी टेन्शनसाठी येतो. शासकीय परिभाषेत पहिल्यासाठी 'प्रतिबल' हा शब्द असला तरी सामान्य लेखनात हा भेद पाळला जात नाही. वर उल्लेखिलेल्या नालगोंडा तंत्राच्या संदर्भात तर हा प्रश्न प्रत्यक्ष परिणाम करणारा आहे. मराठीत 'क्षारता' हा शब्द अल्कलिनिटीसाठी वापरला जातो आणि पाण्यात विरघळलेल्या एकूण लवणांसाठीही. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याविषयी लिहिताना 'क्षारयुक्त पाणी' म्हणजे खारे पाणी, हे तेथील शेतकऱ्यासही ठाऊक आहे. आता तुरटीच्या मात्रेचा तक्ता मराठीत आणताना 'पाण्याची क्षारता' असे लिहिले आणि वाचकाने तेथे विरघळलेल्या एकूण क्षारांचा आकडा घातला, तर मात्रा संपूर्ण चुकेल. यात लेखकाने शब्द चुकीचा वापरला असे म्हणता येत नाही आणि वाचकानेही भाषेच्या रूढीनुसारच अर्थ लावला असे म्हणावे लागते. यंत्राने केलेल्या भाषांतरात अशा ठिकाणी संशय येण्याचीही शक्यता उरत नाही, कारण वाक्य निर्दोष असते.

मोफत आणि अधिकृत

'मोफत ते हलके आणि विकतचे ते भरवशाचे' अशी एक समजूत आपल्याकडे दृढ आहे. तिला पूर्वी थोडा आधार होता. भारतीय मानके विकत घ्यावी लागत. कार्ल मॅलमूड यांच्या पब्लिक रिसोर्स या अमेरिकी संस्थेने ती महाजालावर मुक्तपणे ठेवल्यावर मोठा वाद निर्माण झाला आणि २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याविषयी जनहित याचिका दाखल झाली. नागरिकाच्या सुरक्षिततेशी निगडित नियम त्याला विनामूल्य वाचता आले पाहिजेत, ही त्यामागील भूमिका होती आणि ती मूलतः योग्य होती असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. पुढे भारतीय मानक ब्युरोने स्वतःच आपल्या संकेतस्थळावर नोंदणी करणाऱ्यास मानके विनामूल्य उतरवून घेण्याची सोय केली. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांच्या सहकार्याने २००३ मध्ये सुरू झालेल्या एनपीटेल उपक्रमातील व्याख्यानेही सर्वांना खुली आहेत. सार्वजनिक पाणीपुरवठ्याची केंद्र शासनाची नियमपुस्तिकाही मोफत मिळते.

याचा अर्थ असा की, ज्या संदर्भाला अंतिम प्रमाण मानावयाचे तो आता बव्हंशी मोफतच उपलब्ध आहे. मग विद्यार्थी त्याकडे न जाता त्याच्या सारांशाकडे का जातो? मानकाची भाषा रुक्ष असते, कलमांत उपकलमे असतात, आणि शोधयंत्र सोपा सारांश आधी दाखविते, ही कारणे आहेतच. परंतु मानक कसे वाचावे हे आपल्या वर्गांत स्वतंत्रपणे फारसे शिकविले जात नाही, हेही एक कारण आहे. त्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकता येणार नाही.

अधिकृत संदर्भातही प्रयोजन पाहावे लागते. माणशी दररोज १३५ लिटर पाणी हा आकडा प्रसिद्ध आहे. १९९९ च्या केंद्रीय नियमपुस्तिकेत तो मलनिःसारण व्यवस्था असलेल्या किंवा नियोजित असलेल्या शहरांसाठी दिलेला होता. अशी व्यवस्था नसलेल्या गावांसाठी तेथेच ७० लिटर हा आकडा होता. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण घरांसाठी ५५ लिटर हे परिमाण स्वीकारले गेले. ग्रामीण योजनेच्या आराखड्यात १३५ घेणारा विद्यार्थी अधिकृत आकडा अनधिकृत जागी वापरत असतो.

काही सुचविलेले निकष

वरील विवेचनावरून मुक्त संदर्भातील प्रत्येक आकड्यास पाच प्रश्न विचारावेत, असे सुचवावेसे वाटते. (१) हा आकडा मुळात कोणत्या दस्तऐवजातील, कोणत्या कलमातील किंवा तक्त्यातील आहे? (२) तो कोणत्या वर्षाच्या आवृत्तीतील आहे आणि त्यानंतर दुरुस्तीपत्रक निघाले आहे काय? (३) एकक कोणते आणि मूल्य कशाच्या रूपात व्यक्त केले आहे? (४) कोणते हवामान, कोणता पदार्थ, कोणती स्थिती गृहीत धरली आहे? (५) तो कोणत्या प्रयोजनासाठी ठरविला गेला? या पाचांची उत्तरे देणारे, निदान उत्तरांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग दाखविणारे पान विश्वसनीय समजावे, मग ते कोणी का लिहिलेले असेना.

त्याचबरोबर संदर्भांच्या उपयोगाच्या तीन पायऱ्या कराव्यात. पहिली दर्शक, म्हणजे शोध कोठे घ्यावा हे सांगणारी. शोधयंत्रे व संवादी साधने या पायरीवर उपयुक्त आहेत. दुसरी बोधक, म्हणजे संकल्पना समजावून देणारी. विकिपीडिया, मराठी विश्वकोश आणि एनपीटेलची व्याख्याने येथे अत्यंत मोलाची आहेत. तिसरी प्रमाण, म्हणजे जिच्या आधारे आराखड्यात आकडा लिहावयाचा ती. येथे प्रचलित मानक व त्यावरील दुरुस्तीपत्रके यांनाच स्थान द्यावे. एका पायरीवरील संदर्भ दुसऱ्या पायरीवर वापरला की घोटाळा होतो. विकिपीडियावर होणारी बरीचशी टीका या दृष्टीने अनाठायी आहे. बोधक म्हणून लिहिलेल्या नोंदीला प्रमाण म्हणून वापरणाऱ्याची चूक ती नोंदीच्या माथी मारते.

निष्कर्ष

अभियांत्रिकी माहितीची विश्वासार्हता केवळ पानाच्या प्रतिष्ठेवरून ठरत नाही. अधिकृत संस्थेचे, निर्दोष आणि मोफत पानही अटी गाळून वाचल्यास घातक ठरू शकते, हे फ्लोराइड, नायट्रेट आणि भूकंपक्षेत्रांच्या उदाहरणांवरून दिसून येते. मराठीतील संदर्भांच्या बाबतीत आवृत्तीचे वर्ष ठळकपणे नोंदविणे आणि 'क्षारता', 'ताण' यांसारख्या द्व्यर्थी संज्ञांचा अर्थ त्या त्या ठिकाणी स्पष्ट करणे तातडीचे आहे.

महाविद्यालयीन स्तरावर दोन गोष्टी खर्चाविना करता येण्याजोग्या आहेत. प्रकल्प अहवालातील प्रत्येक संकल्पनमूल्यापुढे मानकाचा क्रमांक, वर्ष व तक्ता लिहिणे विभागाने अनिवार्य करावे. ग्रंथालयाने अभ्यासक्रमात येणाऱ्या मानकांची प्रचलित आवृत्ती व दुरुस्तीपत्रके यांची यादी दर सत्राच्या आरंभी ब्युरोच्या संकेतस्थळावरून तपासून सूचनाफलकावर लावावी. ज्या विद्यार्थ्याकडे महागडे ग्रंथ नाहीत त्याच्या हाती आज मूळ मानक मोफत येऊ शकते. ते उघडण्याची आणि त्यातील अटी वाचण्याची सवय त्याला लावणे हे अध्यापकाचे काम आहे.